चलच्चित्रणाची साधने : निवड, वापर आणि जतन

संस्थेने स्वतःचा व्हिडिओ कॅमेरा घ्यावा काय, आणि घ्यावयाचा झाल्यास कोणता, हा प्रश्न आता केवळ आपल्याच नव्हे तर खेडोपाडीच्या बहुतेक संस्थांपुढे येत आहे. जयंतीचा कार्यक्रम असो, वर्षावासातील प्रवचनमाला असो की विद्यार्थ्यांचा गुणगौरव असो, चित्रीकरण झालेच पाहिजे असा सर्वांचा आग्रह असतो. हा आग्रह योग्यच आहे. तथापि पैसा लोकवर्गणीचा असतो. मजुरी करणाऱ्या माणसाने दिलेल्या पन्नास रुपयांचाही त्यात वाटा असतो. तेव्हा दुकानदार दाखवील ते घेऊन यावे, असे करता येत नाही. आम्ही पेशाने बँकेतील कारकून, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. तंत्रज्ञ नव्हेत. परंतु गेली काही वर्षे या साधनांचा जो अभ्यास व वापर आमच्या हातून घडला, तो सभासद बंधू-भगिनींच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडत आहोत.

प्रथम हे ठरवावयास हवे की चित्रीकरण कशासाठी करावयाचे. सत्कार, हारतुरे व स्टेजवरील खुर्च्या यांचेच चित्रीकरण करावयाचे असेल तर कोणाच्याही खिशातील मोबाईल पुरेसा आहे. खरी निकड वेगळीच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. त्या वेळी जे तरुण होते तेही आता साठी-सत्तरीचे झाले आहेत. राणीसावरगाव, गंगाखेड, पालम या टापूतील अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांनी काय पाहिले, काय सोसले, गाव कसे सोडले व परत कसे आले, हे त्यांच्या तोंडून, त्यांच्याच बोलीत ऐकण्याची संधी फार दिवस राहणार नाही. कॅमेऱ्याची निवड या कामाच्या दृष्टीने व्हावी, असे आमचे मत आहे. एकदा काम ठरले की यंत्र आपोआप ठरत जाते.

यास आपल्या इतिहासात फार मोठा दाखला आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची अंत्ययात्रा निघाली. तिचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. आज आपण ती गर्दी पडद्यावर पाहतो ती त्यांच्यामुळे. त्या काळी चित्रीकरण म्हणजे फिल्म, आणि ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने कॅमेऱ्यातून जाते. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. त्यावर पुन्हा धुलाईचा व प्रिंटचा खर्च. म्हणजे कळ दाबण्यापूर्वी माणसाला दहादा विचार करावा लागे. आज आपल्याला कळ दाबण्याचा खर्च नाही, म्हणून आपण विचारही करीत नाही आणि चार तासांचे चित्रण करून ठेवतो, जे पुढे कोणीही पाहत नाही.

दुसरा दाखला दादासाहेब फाळक्यांचा. १९१२ साली विमा पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला, लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला आणि परत आल्यावर लगेच 'राजा हरिश्चंद्र' काढावयास घेतला नाही. कुंडीतील वाटाण्याचे रोप कसे वाढते याचे एक एक चित्र घेऊन त्यांनी लहानशी फिल्म केली, ती दाखवून भांडवल मिळविले आणि मग मोठ्या कामास हात घातला. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. बँकेतील माणसाच्या नजरेने पाहिले तर हा उत्तम प्रकल्प अहवाल होता. संस्थांनीही हाच क्रम ठेवावा. आहे त्या मोबाईलवर व एका चांगल्या माइकवर दोन मुलाखती नीट करून सभेस दाखवाव्यात. त्या जमल्या तरच खरेदीचा ठराव मांडावा.

जुन्या कॅसेटींचे काय?

नवीन खरेदीच्या आधी जुन्याचा विचार हवा. अनेक संस्थांच्या कपाटांत व्हीएचएस कॅसेटी पडलेल्या आहेत. व्हीएचएस १९७६ साली आली. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात लग्नाच्या चित्रीकरणाबरोबर ती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. खांद्यावर मोठा कॅमेरा, मागून हॅलोजनचा दिवा धरणारा मुलगा आणि त्याच्यामागे वायरीचे वेटोळे, हे दृश्य आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. १९९५ साली डिजिटल डीव्ही पद्धत व तिच्या लहान मिनी डीव्ही कॅसेटी आल्या, पुढे हार्डडिस्क व मेमरी कार्ड. प्रत्येक पद्धतीबरोबर आधीच्या पद्धतीची यंत्रे मोडीत निघाली. व्हीसीआर बनविणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई. तिनेही २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबविले. म्हणजे कॅसेट शाबूत असूनही ती वाजविणारे यंत्रच मिळणार नाही, अशी वेळ येऊन ठेपली आहे.

कॅसेटीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कोणत्याही व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तेथून पुढच्या चांगल्या कॅसेटींत जाते. अशा कॅसेटी वेगळ्या काढून जाणकाराकडूनच साफ करून घ्याव्यात. ज्या स्वच्छ आहेत त्या एकदा पूर्ण पुढे व पूर्ण मागे फिरवून मगच वाजवाव्यात आणि वाजविताना पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्याव्यात, कारण दुसरी वेळ येईलच असे नाही. डीव्ही पद्धतीने उतरविल्यास तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. मिनी डीव्ही कॅसेटीसाठी फायरवायर जोडणी असलेला जुना संगणक लागतो. तो कोणाच्या घरी धूळ खात असेल तर भंगारात जाऊ देऊ नये. आमच्या माहितीतील एका व्यावसायिकाने एका जाहीर सभेची एकमेव कॅसेट पुसून तिच्यावर लग्न चित्रित केले होते. त्याचा दोष तरी किती म्हणावा? कॅसेट महाग होती आणि सभेची प्रत कोणी मागावयास आले नव्हते.

आवाज आधी, चित्र नंतर

आता मुख्य विषयाकडे वळू. कॅमेरा घेताना सर्वजण चित्राची चौकशी करतात, आवाजाची कोणी करीत नाही. वास्तविक चित्र थोडे अंधुक असले तरी माणूस पाहतो, परंतु शब्द कळले नाहीत तर दोन मिनिटांत उठून जातो. आजोबांच्या मुलाखतीत त्यांचा शब्द हाच ऐवज असतो. म्हणून आमचा आग्रह असा की एकूण रकमेतून सर्वप्रथम माइक, हेडफोन व मजबूत ट्रायपॉड यांचा खर्च बाजूला काढावा आणि उरलेल्या पैशात बसेल तो कॅमेरा घ्यावा.

माइक जवळ असावा, हा एकच नियम शंभर नियमांच्या बरोबरीचा आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की माइककडे पोहोचणारी आवाजाची शक्ती चौथाई होते. एक फुटावरून आठ फुटांवर गेलो तर चौसष्टावा हिस्सा उरतो. मात्र पंख्याची घरघर, बाहेरचा ट्रॅक्टर व पत्र्याच्या छपराखालील घुमारा तेवढेच राहतात. म्हणून कॅमेऱ्यावरचा माइक कितीही चांगला असला तरी मुलाखतीस उपयोगाचा नाही. सदऱ्याला वा साडीच्या पदराला लावावयाचा लहान कॉलर माइक घ्यावा. तो बिनतारी असल्यास सोय आहे, पण तारेचा माइक स्वस्त, भरवशाचा आणि बॅटरीच्या चिंतेतून पुष्कळसा मुक्त असतो. बोलणारी व्यक्ती खाटेवर बसूनच बोलणार असेल तर बिनतारीचा मोह कशाला?

सभेत गोष्ट निराळी. तेथे लाऊडस्पीकरवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घ्यावी. त्यास आधीच भेटावे, चहा पाजावा, त्याच्या मिक्सरला कोणती पिन लागते ते पाहून ठेवावे. ऐनवेळी स्टेजमागे पिना शोधणे व्यर्थ आहे. मिक्सरमधून येणारा आवाज 'लाइन' पातळीचा असतो, तो माइकच्या पातळीपेक्षा कितीतरी जोरदार. कॅमेऱ्याचे बटण 'माइक'वर राहिले तर सर्व भाषण फाटलेले उमटते आणि ते पुढे दुरुस्त होत नाही. एक्सएलआर जोडणी असलेल्या कॅमेऱ्यात लाइन, माइक व ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा असे तीन पर्याय असतात. मिक्सरची तार लावताना फँटम बंद ठेवावा. आवाजाची पातळी ठरविताना सर्वात मोठ्याने बोलणाऱ्या वक्त्याचा विचार करावा आणि कमाल रेषेच्या बरीच खाली, उणे १२ डेसिबलच्या आसपास, काटा खेळता ठेवावा. आपल्याकडील वक्ते सुरुवातीस हळू बोलतात व शेवटी माइक खातात, हे सर्वांना ठाऊक आहेच.

आणखी एक मौजेची गोष्ट. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या टोकाला शंभर फुटांवर कॅमेरा असेल तर तेथे पोहोचेपर्यंत आवाजास सेकंदाचा अकरावा हिस्सा लागतो. तेवढ्यात चित्राच्या दोन चौकटी पुढे जातात, आणि ओठ व शब्द यांचा मेळ किंचित चुकतो. मिक्सरमधून थेट घेतलेल्या आवाजात हा दोष राहत नाही. दोन्ही आवाज दोन वेगळ्या मार्गिकांवर घ्यावेत : एकीवर वक्ता, दुसरीवर श्रोत्यांच्या टाळ्या व घोषणा. केवळ मिक्सरचा आवाज घेतला तर सभा रिकाम्या खोलीत झाल्यासारखी वाटते.

कॅमेरा कोणता?

बाजारात आज ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक, चालू मोबाईल. दोन, लेन्स बदलता येणारे मिररलेस कॅमेरे. तीन, हातात धरावयाचे व्हिडिओ कॅमकॉर्डर, ज्यात झूम लेन्स कायमची बसविलेली असते.

मिररलेस कॅमेऱ्यांचे सध्या फार कौतुक आहे. २००८ साली कॅननचा ५डी मार्क टू आला आणि स्थिरचित्राच्या कॅमेऱ्यातून सिनेमासारखे चलच्चित्र निघू लागले, तेव्हापासून ही लाट सुरू झाली. सेन्सर मोठा असल्यामुळे कमी उजेडात तो सरस ठरतो आणि चेहरा स्पष्ट, पाठीमागचे धूसर असे देखणे चित्र देतो. परंतु दोन तासांच्या प्रवचनास तो कितपत टिकेल, हे विचारून घ्यावे. पूर्वी अशा पुष्कळ कॅमेऱ्यांत चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबत असे. अर्ध्या तासापलीकडे चित्रण करणाऱ्या यंत्रास युरोपात व्हिडिओ कॅमेरा समजून जादा जकात लागे, हे त्याचे एक प्रमुख कारण. नव्या कॅमेऱ्यांत ती मर्यादा बहुतांशी गेली, पण तापण्याचा प्रश्न राहिला आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतसुद्धा ४२ अंश होते, आणि बुद्धपौर्णिमा नेमकी एप्रिल-मेमध्ये येते.

कॅमकॉर्डर दिसावयास जुनाट वाटतो. पण तो तासन् तास चालतो, त्यास दोन एक्सएलआर जोडण्या असतात, झूम सावकाश व एकसारखी होते, आणि सेन्सरच्या पुढे करडी काच आणणारा एनडी फिल्टर बटणावर असतो. एकाच माणसाने सर्व काम सांभाळावयाचे असेल तर एक इंची सेन्सरचा, मोठ्या ऑप्टिकल झूमचा कॅमकॉर्डर हीच आमची शिफारस राहील. डिजिटल झूम किती पट आहे हे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते, त्याकडे पाहूच नये. ती केवळ चित्र ताणण्याची युक्ती आहे. केवळ मुलाखती करावयाच्या असतील, सभा नव्हे, तर मात्र मिररलेस अवश्य घ्यावा. मोबाईलचे म्हणाल तर तो तिसऱ्या क्रमांकाचा नव्हे, तो पहिला शिक्षक आहे.

फोर-के पाहिजेच का? फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपके, एचडीच्या चौपट. मुलाखतीत त्याचा फायदा होतो, कारण एकाच चित्रणातून पुढे जवळचे व लांबचे असे दोन आकार कापता येतात. सभेस एचडी पुरते. दिवसभराच्या कार्यक्रमाचे फोर-के चित्रण साठविण्यास व कापण्यास लागणारा संगणक कॅमेऱ्याइतकाच महाग पडतो, हे हिशेबात धरावे.

वापरातील काही गोष्टी

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. म्हणून कॅमेरा २५ किंवा ५० चौकटींवर आणि शटर एक-पन्नासांश सेकंदावर ठेवावे. पुष्कळ मोबाईल मुळात ३० चौकटींवर लावलेले येतात आणि ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे फिरू लागतात. लोक कॅमेऱ्याला दोष देतात. वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला की त्याची वारंवारता बरोबर ५० राहतेच असे नाही. तेव्हा पडद्याकडे पाहत शटर किंचित मागेपुढे करून पट्टे थांबवावे लागतात. ज्या कॅमेऱ्यात शटरचे असे बारीक फेरफार करता येतात तो घेण्यात शहाणपण आहे.

पांढऱ्या रंगाचा समतोल प्रत्येक जागी नव्याने करावा. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड २८०० केल्विनच्या जवळपास, दिवसाचा ५६०० च्या. दारातून ऊन व आत पिवळा दिवा अशी खोली असेल तर दोहोंपैकी एक बंद करावा. दिवा बंद करणे सोपे, तेव्हा माणसाला दाराशी, उजेडाकडे तिरके तोंड करून बसवावे.

आता जे सांगणार आहोत ते विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक वाचावे, कारण माहितीपुस्तिकांत ते सहसा नसते. आपल्या कार्यक्रमांत उपासक-उपासिका पांढऱ्या वस्त्रांत असतात. चौकटीत पांढरे अधिक आले की आपोआप चालणारा कॅमेरा समजतो उजेड फार आहे, आणि सगळे चित्र गडद करतो. वस्त्रे करडी होतात, चेहरे काळेठिक्कर होतात. नाक-डोळे दिसत नाहीत. चेहरा हरवला तर चित्रीकरण कोणाचे केले? यावर उपाय म्हणजे स्वयंचलित पद्धत बंद करून उजेड हाताने, चेहऱ्यावर लावणे. झेब्रा नावाची रेघांची खूण असते. चेहऱ्यास ७० टक्के धरावे असे जुन्या पुस्तकांतून सांगतात, पण तो आकडा गोऱ्या कातडीवरून आलेला आहे. सावळ्या चेहऱ्यास ५० ते ६० च्या दरम्यान ठेवल्यास तो जसा आहे तसा उमटतो. पाश्चात्त्य देशांत रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळा कित्येक वर्षे 'शर्ली कार्ड' नावाचे, एका गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र प्रमाण मानून यंत्रे जुळवीत असत. यंत्र निःपक्षपाती असते असे आपण मानतो. ते ज्याने जुळविले त्याच्या नजरेने पाहते. वस्त्राची घडी थोडी जास्त उजळ होऊन तिच्यातील बारकावा गेला तरी चालेल, परंतु म्हाताऱ्या बाईच्या चेहऱ्यावरील सुरकुती दिसलीच पाहिजे.

मिरवणुकीतील निळ्या एलईडी दिव्यांचाही असाच त्रास आहे. तो निळा उजेड इतका तीव्र असतो की सेन्सरचा निळा भाग भरून वाहतो आणि गायकाच्या चेहऱ्यावर सपाट निळा डाग पडतो. संकलनात तो निघत नाही. उजेडवाल्यास सांगून समोरून एक साधा पांढरा दिवा लावून घ्यावा. तो ऐकेल असे नाही, पण सांगून पाहावे.

मुलाखत घेताना कॅमेरा बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. आजी जमिनीवर बसल्या असतील तर ट्रायपॉड खाली आणावा, आजींना खुर्चीवर चढवू नये. पंखा, फ्रीज व मोबाईल बंद करावेत. ऐकताना 'हं, हं' न करता मान हलवावी, कारण ते 'हं' नंतर कापता येत नाही. थांबल्या तर थांबू द्यावे. पुष्कळदा थांबल्यानंतरच खरी गोष्ट येते. 'म्या', 'व्हतं', 'तव्हा' हे शब्द शुद्ध करण्याच्या फंदात पडू नये. बोलणे संपल्यावर अर्धा मिनिट सर्वांनी गप्प बसून त्या खोलीचा रिकामा आवाज घ्यावा, तो जोडकामास लागतो. त्यानंतर त्यांचे हात, भिंतीवरील तसबिरी, दारातील तुळई, जपून ठेवलेले जुने पत्र यांची चित्रे घ्यावीत. आणि सुरुवातीलाच, कॅमेरा चालू असताना, नाव, गाव, दिनांक व चित्रण लोकांना दाखविण्यास संमती आहे की नाही, हे विचारून घ्यावे. नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. काही आठवणींत शेजारच्या गावातील हयात माणसांची नावे येतात. अशा वेळी ते चित्रण जपून ठेवावे, दाखवू नये.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपविले आणि तेथून सुरू झालेले चित्रीकरण चौदा वर्षे चालून २०११ साली चित्रपट पूर्ण झाला. विद्यार्थ्यांनी तो कॅमेऱ्याच्या अंगाने पुन्हा पाहावा. त्यात घरांतून, वस्त्यांतून, गर्दीतून माणसे गातात आणि त्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात. चौदा वर्षांत बाजारात किती कॅमेरे आले-गेले, पण जे टिकले ते वेळच्या वेळी जाऊन केलेले चित्रण.

साठवण व संकलन

चित्रणाचे आकारमान काढणे सोपे आहे. ५० मेगाबिटने चित्रण केल्यास तासाला साडेबावीस जीबी, १०० मेगाबिटने पंचेचाळीस. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर पहिल्या पद्धतीने साडेपाच तास बसतात. कार्डावर व्ही३० ही खूण पाहावी. सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची ती हमी आहे. खूण नकली कार्डावरही छापता येते, म्हणून कार्ड पक्क्या बिलाने घ्यावे आणि कामापूर्वी एकदा काठोकाठ भरून तपासावे.

चित्रणाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. ही सावधगिरी बँकेतील माणसास नवी नाही. दोन प्रती उघडून पाहिल्याखेरीज कार्ड पुसू नये. फाइलीस नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावे, म्हणजे त्या आपोआप तारखेवार लागतात. 'नवीन', 'फायनल', 'फायनल २' अशी नावे देणाऱ्यास नोंदवही लिहावयास बसवावे.

संकलन पूर्वी दोन व्हीसीआर जोडून होत असे. एकावरून दुसऱ्यावर उतरविताना प्रत्येक वेळी चित्र विटत जाई. १९८९ साली ॲव्हिड व १९९१ साली ॲडोबी प्रीमियर आले आणि हे काम संगणकावर गेले. आज डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती फोर-केपर्यंतचे संकलन करून देते. केडेनलाइव्ह व शॉटकट हीही मोफत आहेत. तेव्हा चोरीची प्रत वापरण्यास काही निमित्त उरलेले नाही. संगणकात १६ जीबी मेमरी, एसएसडी व स्वतंत्र ग्राफिक कार्ड असावे. याहून कमी असल्यास हलक्या आकाराच्या 'प्रॉक्सी' प्रती करून काम भागते, फक्त वेळ लागतो. यूपीएस मात्र पाहिजेच.

मराठी शीर्षकांची परीक्षा खरेदीपूर्वी करावी. कित्येक प्रणालींना देवनागरी जुळविता येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते, जोडाक्षर फुटते. 'सिद्धार्थ', 'प्रज्ञा' आणि 'बुद्धविहार' हे तीन शब्द टंकून पाहावेत. ते नीट उमटले तर बाकीचे उमटतील. मोबाईलवर केलेले चित्रण वापरावयाचे असल्यास ध्यानात ठेवावे की मोबाईल चौकटींचा वेग उजेडाप्रमाणे कमीजास्त करतात आणि लांब भाषणात आवाज व ओठ हळूहळू वेगळे पडतात. अशी फाइल आधी एकसारख्या वेगात रूपांतरित करून घ्यावी.

कापताना बोलणाऱ्याचा अर्थ बदलता कामा नये. अडखळणे काढावे, पण 'परंतु' काढू नये. मूळ न कापलेले चित्रण कायम ठेवावे, म्हणजे कोणी शंका घेतल्यास दाखविता येते.

हिशेब

वर्षातून चारच कार्यक्रम असतील तर भाड्याने आणणे स्वस्त पडते. दर आठवड्यास एक मुलाखत करावयाची असेल तर खरेदी करावी. आयकराच्या घसाऱ्याच्या दरांत कॅमेऱ्यास यंत्रसामग्री म्हणून १५ टक्के व संगणकास ४० टक्के धरतात. एक लाखाचा कॅमेरा तीन वर्षांनी वहीत ६१,४१२ रुपयांचा राहतो, एक लाखाचा संगणक २१,६०० चा. यावरून कशात पैसा घालावा हे कळावे. संगणक गरजेपुरता, ट्रायपॉड व माइक उत्तम. चांगला ट्रायपॉड व तारेचा चांगला माइक कॅमेऱ्याच्या दोन पिढ्या पाहतो. तीन दुकानांची लेखी दरपत्रके घ्यावीत, जीएसटीचे बिल संस्थेच्या नावाने असावे, कोणा पदाधिकाऱ्याच्या नावाने नसावे, आणि प्रत्येक वस्तू क्रमांकासह जडसंग्रह नोंदवहीत चढवावी. वापरावयास नेणाऱ्याची सही घ्यावी. लग्नाकार्यास कॅमेरा द्यावा की नाही, हा वादाचा मुद्दा होईल. आमचे मत न द्यावा असे आहे, पण ठराव सभेने करावा.

पावसाळ्यात कॅमेरा व लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, नाहीतर कॅसेटीस आली तीच बुरशी काचेस येते. सिलिका जेल भिजले की रंग बदलते, ते मंद आचेवर तव्यात कोरडे करून पुन्हा वापरता येते. त्याचा तवा वेगळा ठेवावा, भाकरीचा वापरू नये. बॅटऱ्या बरेच दिवस पडून राहणार असतील तर पूर्ण भरून वा पूर्ण रिकाम्या ठेवू नयेत, निम्म्या भराव्यात, कॅमेऱ्यातून काढून ठेवाव्यात आणि दर दोन महिन्यांनी एकदा कॅमेरा चालू करून पाहावा.